जठराच्या कॅन्सरचा दीडशे वर्षांचा माग

1963 साली मुंबईत कॅन्सरची शिरगणती सुरू झाली. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी 1951 मध्ये उभारलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने हे काम अंगावर घेतले. सोसायटीची माणसे शहरातल्या इस्पितळांत जात, केस पेपर चाळत, पॅथॉलॉजीच्या नोंदी पाहत आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदींशी नावे ताडून बघत. रुग्णाचे वय, पत्ता, धर्म, कॅन्सर कोणत्या अवयवाचा, हे सारे टिपले जाई. किमान वर्षभर बृहन्मुंबईच्या हद्दीत राहिलेला माणूसच या मोजणीत धरला जाई. एका ठरावीक लोकवस्तीतल्या एकूण एक नव्या रुग्णाची नोंद ठेवणारी ही भारतातली पहिली व्यवस्था होती.

ती हद्द मुलुंडच्या नाक्यावर संपत होती. नाक्यापलीकडचा ठाण्याचा, कल्याणचा किंवा डोंबिवलीचा रुग्ण परळच्या टाटा इस्पितळात आला तर त्याच्यावर उपचार होत, मुंबईच्या आकड्यात मात्र तो दिसत नसे. त्या वेळी याचे कोणाला काही वाटले नाही, कारण माणसे मुंबईत होती आणि नाक्यापलीकडे वस्ती विरळ होती. पुढच्या वीस वर्षांत चित्र पालटले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरणगावातली कुटुंबे खोल्या विकून डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे सरकू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ठाण्याची महापालिका झाली, वर्षभराने कल्याणची. 1964 मध्ये परळ-लालबागचा रहिवासी म्हणून ज्यांची मोजणी झाली असती, ती माणसे आणि त्यांची मुले नव्या शहरांत राहायला आली.

जठराचा कॅन्सर समजून घ्यायचा तर हे स्थलांतर ध्यानात ठेवावे लागते. हा आजार जिथे उघड होतो तिथे तो सुरू झालेला असतोच असे नाही. दाटीच्या वस्तीत लहानपणी पोटात शिरलेला जंतू चाळीस-पन्नास वर्षांनी, अगदी वेगळ्या घरात, वेगळ्या शहरात डोके वर काढू शकतो. हे माणसाला कळायला व्हिएन्ना, टोकियो, पर्थ आणि परळ अशी मोठी वाट चालावी लागली. ती वाट आज कल्याणच्या लोकलपर्यंत येऊन पोहोचली आहे.

मृत्यूनंतरचे निदान

पेशवाई बुडाल्यानंतर तीन वर्षांनी, 5 मे 1821 रोजी, सेंट हेलेना बेटावर नेपोलियन वारला. दुसऱ्या दिवशी त्याचे शवविच्छेदन झाले तेव्हा डॉक्टरांना त्याच्या जठरात मोठा व्रण आढळला. त्याचे वडील कार्लो हेही 1785 मध्ये पोटाच्या अशाच दुखण्याने गेले होते, त्यामुळे हा रोग घराण्यात असावा अशी शंका खुद्द नेपोलियनलाही येत असे. युरोपातला सर्वांत बलाढ्य माणूस शेवटचे महिने पोटात कळा आणि उलट्या सोसत होता आणि त्याच्या भोवतालच्या डॉक्टरांना पोटात डोकावण्याची कोणतीही सोय नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या तीन चतुर्थांश काळापर्यंत हीच स्थिती राहिली. आपल्याकडच्या वैद्यांनी गुल्म आणि अर्बुद यांची लक्षणे बारकाईने नोंदवली होती. हाताला लागणारी गाठ, गळून गेलेली भूक, सुकत चाललेले शरीर त्यांच्या परिचयाचे होते. पण हाताला लागेपर्यंत वाढलेल्या गाठीवर इलाज कोणाकडेच नव्हता, ना पुण्याच्या वैद्याकडे, ना पॅरिसच्या सर्जनकडे.

1846 नंतर भूल आली, 1867 नंतर जंतुनाशकांचा वापर रुजला आणि पोट उघडण्याचे धाडस शक्य झाले. 1879 मध्ये पॅरिसच्या ज्यूल पेआँ यांनी जठराचा रोगट भाग काढला. रुग्ण पाचव्या दिवशी दगावला. 1880 मध्ये पोलिश सर्जन लुडविक रिडिगियर यांनी प्रयत्न केला. त्यांचाही रुग्ण वाचला नाही. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी थेरेसा हेलर या 43 वर्षांच्या स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. अन्न तिच्या पोटात टिकत नव्हते, जठराचे खालचे तोंड गाठीने बंद होत आले होते. बिलरोथ यांनी तो भाग कापून काढला आणि उरलेले जठर लहान आतड्याला शिवले. बाई शस्त्रक्रियेतून उठल्या, जेवू लागल्या, घरी गेल्या. साधारण चार महिन्यांनी रोग इतरत्र पसरून त्यांचा अंत झाला.

त्या एका शस्त्रक्रियेने जठराच्या कॅन्सरविषयीची दोन सत्ये उघडी केली आणि ती आजही बदललेली नाहीत. गाठ काढता येते, हे पहिले सत्य. गाठ काढण्याआधीच रोग दूर गेलेला असेल तर सुरीचा उपयोग मर्यादित राहतो, हे दुसरे. बिलरोथ यांच्यानंतर 16 वर्षांनी झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढून रुग्ण जगवून दाखवला. जठराशिवाय माणूस जगू शकतो हे 1897 मध्येच सिद्ध झाले होते. प्रश्न उरला होता तो वेळेचा.

1880 च्या दशकातच, कल्याणात जन्मलेली एक मुलगी वैद्यक शिकायला सातासमुद्रापार निघाली. बिलरोथ यांनी शस्त्रक्रिया केली तेव्हा आनंदीबाई जोशी सोळाव्या वर्षात होत्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना एम.डी. ही पदवी दिली आणि पुढच्याच फेब्रुवारीत क्षयाने त्यांना नेले. आधुनिक वैद्यकाचे दार कल्याणसाठी असे उघडले आणि लगेच मिटले. कॅन्सरसाठी म्हणून उभारलेले इस्पितळ या भागातल्या माणसाच्या आवाक्यात येण्यास त्यानंतर 54 वर्षे लागली.

परळ, 1941

1931 मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तशी सोय इथल्या माणसाला मिळावी ही सर दोराबजी टाटांची इच्छा होती. वर्षभरात तेही गेले, पण त्यांच्या विश्वस्तांनी काम सोडले नाही आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल इस्पितळ सुरू झाले. सुरुवातीला 80 खाटा होत्या. आजूबाजूला गिरण्या आणि त्यांच्या चाळी होत्या, शेजारी केईएम इस्पितळ होते आणि मध्य रेल्वेचे परळ स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर होते. 1957 मध्ये इस्पितळ केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. त्यांचा भर एका प्रश्नावर होता: कोणत्या लोकांना कोणता कॅन्सर होतो आणि त्यांच्या जगण्यात त्याचे कारण काय सापडते? 1944 मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने 1,000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि तंबाखू-पानाच्या सवयीकडे बोट दाखवले. 1952 मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. शस्त्रक्रियेची बाजू मूळ गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी सांभाळली. इस्पितळासमोरच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. जस्सावाला हेही इथलेच सर्जन. रोज टेबलावर येणारे रुग्ण पाहून शहराचे चित्र कळत नाही, त्यासाठी सगळे शहर मोजावे लागते, हा त्यांचा आग्रह होता. 1963 ची नोंदणी खानोलकरांच्या प्रश्नाला दिलेले आकड्यांचे उत्तर होते.

त्या आकड्यांत जठराच्या कॅन्सरने अभ्यासकांना चकित केले. जपानमध्ये हा त्या वेळी पहिल्या क्रमांकाचा मारेकरी कॅन्सर होता. अमेरिकेतही 1930 च्या दशकात पुरुषांच्या कॅन्सरमृत्यूंत तोच आघाडीवर होता. मुंबईत मात्र त्याचे प्रमाण जपानच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी निघाले. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरपुढे जठर मागे होते. पुढे पुणे, औरंगाबाद, नागपूर इथे नोंदणी सुरू झाली, 1980 च्या दशकारंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभराचा कार्यक्रम हाती घेतला आणि 1987 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर इस्पितळाने देशातली पहिली ग्रामीण नोंदणी चालू केली. देशाचा नकाशा भरत गेला तसे दिसले की चेन्नई आणि बंगळूरमध्ये जठराचा कॅन्सर मुंबईपेक्षा अधिक आहे, काश्मीरमध्ये अधिक आहे आणि मिझोराममध्ये तर तो पुरुषांत अग्रक्रमावर आहे. एकाच देशात इतका फरक का, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

पोटात दिवा नेणारी माणसे

कारणांचा शोध चालू असतानाच जपानने निदानाची दिशा बदलली. 1950 मध्ये टोकियोचे तरुण सर्जन तात्सुरो उजी यांनी ऑलिंपस कंपनीच्या अभियंत्यांना हाताशी धरून गिळता येईल असा कॅमेरा बनवला. लवचीक नळीच्या टोकाला बारीक भिंग, इवलासा दिवा आणि फिल्म. डॉक्टरला आत काही दिसत नसे. अंदाजाने फोटो काढायचे, नळी बाहेर घ्यायची, फिल्म धुवायची आणि मग पाहायचे. तरीही जठराच्या आतले पहिले पुरेसे स्पष्ट फोटो याच कॅमेऱ्याने दिले.

पुढची उडी काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूंनी मारली. पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये दाखवून दिले की अशा तंतूंच्या जुडग्यातून वळणावळणाने प्रतिमा नेता येते. तो निबंध वाचून मिशिगनचे डॉक्टर बेसिल हिर्शोविट्झ कामाला लागले. 1957 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत बनवलेली दुर्बीण आधी स्वतः गिळली, मग रुग्णाच्या पोटात घातली. आता डॉक्टर डोळ्यांनी पाहू शकत होता आणि लवकरच संशयास्पद जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवू शकत होता.

जपानने ही साधने घराघरांपर्यंत नेली. बेरियम पाजून क्ष-किरणांनी तपासणाऱ्या गाड्या गावोगाव फिरल्या. 1962 मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी आरंभीच्या कॅन्सरची व्याख्या ठरवली: जठराच्या भिंतीच्या आतल्या दोन थरांपुरता राहिलेला रोग तो आरंभीचा. या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांपैकी दहात नऊहून अधिक पाच वर्षांनंतरही हयात राहतात, हे जपानी नोंदींनी दाखवून दिले. 1983 मध्ये तिथे ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. बिलरोथ यांच्यापुढचा वेळेचा प्रश्न एका देशाने अशा तऱ्हेने सोडवला.

पर्थचा जंतू

जठरात तीव्र आम्ल असते, तिथे जंतू जगणार नाहीत, असे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिले होते. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसू लागले आणि ते जिथे असत तिथे सूजही असे. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. 1982 च्या ईस्टरच्या सुटीत प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतू वाढलेले सापडले. 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज आढळली. हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला मानवी कॅन्सरचे निश्चित कारण ठरवले आणि 2005 मध्ये वॉरन-मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराच्या सुजेपासून कॅन्सरपर्यंतची पायरी पायरी कोलंबियाचे पेलायो कोरेया यांनी 1975 पासूनच मांडली होती. आधी जठराच्या अस्तराला जुनाट सूज येते, मग अस्तर झिजते, मग त्या जागी आतड्यासारख्या पेशी वाढू लागतात, त्या पेशी बिघडतात आणि शेवटी कॅन्सर होतो. या प्रवासाला दशके लागतात. 2001 मध्ये जपानमधल्या एका अभ्यासाने 1,526 रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवले. जंतू असलेल्यांपैकी 2.9 टक्के लोकांना जठराचा कॅन्सर झाला. जंतू नसलेल्या 280 जणांपैकी एकालाही झाला नाही.

जंतू बहुतेकदा बालपणी, घरातल्या घरात, एका भांड्यातून, एका हौदावरून, दाटीतून पसरतो. भारतात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात तो असतो असे पाहण्यांतून वारंवार दिसले. मग मुंबईत कॅन्सर कमी का? या कोड्याला संशोधकांनी भारतीय कोडे असेच नाव दिले. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे: जंतू एकटा पुरेसा नसतो. मीठ मुरवून, धूर देऊन टिकवलेले पदार्थ रोजचे मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्या समाजांत हा कॅन्सर अधिक दिसतो. मिझोराममध्ये धुरावलेले मांस आणि तंबाखूच्या धुराचे पाणी यांचा संबंध अभ्यासांनी दाखवला. विडी-सिगारेट हे सिद्ध झालेले कारण आहे. ताजी फळे आणि भाज्या कमी पडणे हेही धोका वाढवते. ताटात चवीपुरती असलेली लोणच्याची फोड आणि जुन्या जपानातले रोजचे खारवलेले जेवण यांत मोठे अंतर आहे. ते अंतर ओळखून घाबरायचे ते तंबाखूला आणि मिठाच्या अतिरेकाला.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांचा 1968 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे बोलका आहे. स्थलांतर करून आलेल्या पहिल्या पिढीत जठराचा कॅन्सर बराचसा मायदेशाइतकाच राहिला, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत तो घटला. रक्त तेच होते, बालपण बदलले होते. अमेरिका-युरोपात कोणतीही मोहीम न आखता हा कॅन्सर विसाव्या शतकभर घसरत गेला, याचे मोठे श्रेय नळाच्या शुद्ध पाण्याला, मोकळ्या घरांना आणि फ्रीजला दिले जाते. मीठ न लावता अन्न टिकू लागले. विक्रोळीच्या गोदरेजने 1958 मध्ये भारतीय बनावटीचा फ्रीज आणला. पुढच्या तीस वर्षांत तो मध्य रेल्वेच्या दोन्ही अंगांना वसलेल्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. मुंबईच्या नोंदणीतही जठराच्या कॅन्सरचे प्रमाण दशकामागून दशक उतरत गेलेले दिसते.

प्रमाण उतरले म्हणजे रोग संपला असे नाही. दाटीत आणि अपुऱ्या पाण्यात बालपण काढलेल्या पिढ्या आज ठाणे-कल्याण-डोंबिवलीत पन्नाशी-साठीत आहेत. शिवाय या कॅन्सरची एक वेगळी जात आहे. फिनलंडचे पॅथॉलॉजिस्ट पेक्का लॉरेन यांनी 1965 मध्ये ती वेगळी काढून दाखवली. या जातीत गाठ बनत नाही, रोग भिंतीत पसरत जातो आणि जठर चामड्याच्या पखालीसारखे ताठर होते. तो तरुणांतही, विशेषतः तरुण स्त्रियांत दिसतो. 1998 मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात होणाऱ्या अशा मृत्यूंमागे एका जनुकातला दोष सापडला. घरात दोन-तीन जणांना, तेही कमी वयात, जठराचा कॅन्सर झालेला असेल, तर त्या घराने तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, हे तेव्हापासून ठरून गेले.

सुरी, औषध आणि त्यांचा क्रम

बिलरोथ यांच्यानंतरची शंभर वर्षे शस्त्रक्रियेचा व्याप वाढवण्यात गेली. जपानी सर्जनांनी जठराबरोबर भोवतालच्या लसिका ग्रंथी पद्धतशीर काढायला सुरुवात केली. युरोपीय सर्जनांना ती पद्धत फार धोक्याची वाटे. नेदरलँड्समधल्या चाचणीच्या 1999 च्या निष्कर्षांत तिचा फायदा दिसला नव्हता, 2010 मध्ये 15 वर्षांचा पाठपुरावा आला तेव्हा जठराच्या कॅन्सरने होणारे मृत्यू या पद्धतीत कमी निघाले. अनुभवी हातांत, जिथे अशा शस्त्रक्रिया नित्याच्या आहेत तिथे ती करून घ्यावी, हा आज सर्वमान्य निष्कर्ष आहे. परळच्या टाटामध्ये ती रुळलेली आहे.

दुसरा बदल क्रमाचा झाला. पूर्वी गाठ दिसली की आधी ऑपरेशन होई. 2006 मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी दिली गेली. पाच वर्षांनी 36 टक्के रुग्ण हयात होते, नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत 23 टक्के. 2019 मध्ये जर्मनीतल्या चाचणीने चार औषधांचा नवा संच पुढे आणला आणि निम्मे रुग्ण हयात राहण्याचा काळ 35 महिन्यांवरून 50 महिन्यांवर गेला. म्हणून डॉक्टर आज आधी केमो सांगतात तेव्हा ते ऑपरेशन टाळत नसतात, ऑपरेशन यशस्वी होण्याची शक्यता वाढवत असतात. घरच्यांनी हे समजून घेतले तर ‘गाठ आत आहे आणि तुम्ही थांबता काय’ ही तगमग कमी होते.

पसरलेल्या रोगाबाबतही पाटी कोरी राहिलेली नाही. 2010 मध्ये दिसून आले की ज्यांच्या गाठीत हर-टू नावाचे प्रथिन वाढलेले असते त्यांना त्यावर नेमके काम करणारे औषध दिले तर आयुष्य वाढते. म्हणून तुकड्याच्या तपासणीत ही चाचणी आता आवर्जून करतात. त्यानंतरच्या दशकात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधेही काही रुग्णांसाठी उपयोगी ठरली. आणि अगदी आरंभीचा रोग असेल तर पोट न उघडता, दुर्बिणीतूनच आतला थर सोलून काढता येतो.

जठर काढलेल्या माणसाचे आयुष्य बदलते, थांबत नाही. दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे लागते, गोड आणि पातळ पदार्थ एकदम पोटात गेले की घाम आणि धडधड होते, बी-12 चे इंजेक्शन कायमचे घ्यावे लागते. मऊ भात, मुगाचे वरण, अंडे, ताक अशा साध्या जेवणावर वजन पुन्हा धरता येते. यात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याचा वाटा सर्जनाइतकाच मोठा आहे.

लोकलचा राखीव डबा

मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी असलेल्या डब्यावर कर्करोगग्रस्तांचाही उल्लेख असतो. जगातल्या फार थोड्या शहरांच्या रोजच्या गाडीत कॅन्सरच्या रुग्णासाठी अशी जागा ठेवलेली असेल. या डब्यात कल्याण, डोंबिवली, ठाण्याला चढणारी माणसे हातात फाईल घेऊन असतात. पूर्वी जलद गाडीने दादरला उतरून पुढे जावे लागे. मार्च 2019 मध्ये परळ टर्मिनस सुरू झाले आणि परळहून सुटणाऱ्या गाड्या मिळू लागल्या, तेव्हा केमो घेऊन परतणाऱ्याला बसून जाण्याची थोडी शक्यता निर्माण झाली. 2002 पासून टाटाचे संशोधन केंद्र खारघरला आहे आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरने तिकडेही जाता येते. बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आधार देतात. ठाण्या-डोंबिवलीचा रुग्ण रात्री घरी परतू शकतो, हे त्याचे भाग्य.

पैशाच्या बाजूनेही एक मोठा बदल झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ठाणे त्यांत नव्हते. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर आली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार तिच्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडे जाणे, ही पहिली पायरी.

म्हणजे साधन आहे, ज्ञान आहे, वाट आहे, पैशाची काही सोयही आहे. तरीही आपल्याकडे जठराचा कॅन्सर बहुतेक वेळा उशिराच्या टप्प्यावर सापडतो. जपानप्रमाणे सरसकट तपासणी इथे परवडणारी नाही आणि इथले कमी प्रमाण पाहता ती योग्यही ठरणार नाही. आपल्यापुढचा मार्ग वेगळा आहे, तो म्हणजे लक्षणे दिसताच दुर्बीण. पण लक्षण आणि दुर्बीण यांच्यामध्ये आपण पित्ताची गोळी आणून ठेवली आहे. सकाळी 7 ची गाडी पकडणारा माणूस छातीत जळजळले की स्थानकाबाहेरच्या मेडिकलमधून गोळी घेतो. गोळीने आम्ल कमी होते, बरे वाटते. कॅन्सरचा व्रणदेखील या औषधांनी वरवर भरून आल्यासारखा दिसू शकतो, आणि आत रोग चालूच राहतो. ‘गॅस झालेत’, ‘पित्त वाढलंय’, ‘बाहेरचं खाल्लं’ असे म्हणत महिने निघून जातात. नेपोलियनला पोटात पाहण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे आणि आपण ती वापरत नाही.

म्हणून एवढे मनावर घ्यावे. पन्नाशीच्या पुढे अपचन नव्याने सुरू झाले आणि काही आठवड्यांत गेले नाही, तर गोळी पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. कोणत्याही वयात कारणाशिवाय वजन उतरणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार उलट्या, घास अडकणे, डांबरासारखी काळी शी, किंवा रक्त कमी होण्याचे कारण न सापडणे, यांपैकी एक जरी असले तरी एंडोस्कोपीविषयी, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीविषयी, विचारावे. सुरुवात घराजवळ होऊ शकते. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय इथे डॉक्टरांना दाखवून साध्या रक्ततपासणीपासून आरंभ करता येतो आणि पुढे कुठे जायचे ते तिथून कळते. जंतू सापडला आणि डॉक्टरांनी औषधांचा कोर्स दिला, तर तो अर्ध्यात सोडू नये. तंबाखू आजच सोडावी. आणि पोटाचा कॅन्सर म्हणजे सगळे संपले, ही समजूत घरात कोणी बोलून दाखवली तर तिला तिथेच थांबवावे.

दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते. वेळेत झाली तर जठराचा कॅन्सर बरा होऊ शकतो. दीडशे वर्षांच्या इतिहासाचा हाच निकाल आहे.